ताक घालतो

आमच्या आत्तीला, बायडाबाईला, तोंड सांभाळून बोलता येत नाही, आणि त्यावाचून तिचं कधी अडलंही नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तिचा म्हशींचा गोठा आहे. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, म्हशी विकून टाक. तिनं दिरांनाच वाटेला लावलं. गल्लीतली तालीम तिच्या दुधावर पोसली. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती मऊ राहावी म्हणून तीत तेल, हळद, लिंबाबरोबर ताक कालवतात, तेही तिच्याच घरचं. घागर ती स्वतः तालमीच्या उंबऱ्यापर्यंत नेते. उंबऱ्यापर्यंतच. बाईच्या पायानं माती बाटते म्हणे. तिच्या ताकानं बाटत नाही.

तालमीचं ऑनलाइन प्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा वस्ताद केरबांनी मला बोलावलं, कारण वेबसाइट करणं हा माझा धंदा. जुने फोटो, गदा, पैलवानांच्या आठवणी, आणि हौद्याचा असा फोटो की बोटानं फिरवला की आपण मधोमध उभे. तो काढायलाही मला आत सोडलं नाही. एका पैलवानाच्या हातात कॅमेरा देऊन मी खिडकीतून सांगत बसले. संताप गिळला, कारण त्या हौद्यात मला आत्तीला न्यायचं होतं.

तिचा आवाज मी गोठ्यात रेकॉर्ड केला. "ह्या मातीला मी ताक घालतो," ती म्हणाली. "माज्या ताकाबिगर ही माती कुणाला झेलत न्हाय." आमच्याकडच्या बायका जातो, येतो, करतो असंच बोलतात. तो आवाज मी हौद्याच्या फोटोवर लावला, खाली तेच वाक्य, शेजारी तिचा फोटो. "आत्ती, आता तू आत," मी सांगितलं. ती नुसतं हुं म्हणाली, पण उद्घाटनाला ठेवणीतलं लुगडं नेसून आली.

तालमीच्या दारात पडदा लावला होता. त्यावर हौदा दिसला. आवाज नव्हता. वाक्य जसंच्या तसं होतं, आणि शेजारी एका दिवंगत पैलवानाचा मिशीवाला फोटो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय लिवलंय गं?" आत्तीनं विचारलं. मी वाचून दाखवलं आणि माझं डोकंच फिरलं.

"वस्ताद, हे कुणी बदललं?"

"मीच पोरांना सांगिटलं," केरबा म्हणाले. "हौद्यात बाईचा फोटो नको, आवाज बी नको. रिवाज हाय. आणि वाक्यात काय बिघडलंय? 'घालतो' म्हणलंय. गड्याचंच वाटतंय की."

हा माणूस जन्माचा कोल्हापूरचा. त्याची आई घालतो म्हणत गेली, बायको आजही म्हणते. पुण्याच्या माणसानं केलं असतं तर चूक म्हटली असती. ही चोरी होती, व्याकरणाच्या आडून केलेली, आणि मी ते चारचौघांत त्यांच्या तोंडावर म्हणाले. आत्ती मात्र पदर खोचून घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून तालमीला ताक गेलं नाही. आम्ही कढी खाऊन कंटाळलो. केरबांनी डेअरीच्या पिशव्या आणून ओतल्या, त्या निघाल्या मसाला ताकाच्या. हौद्याला जिऱ्याचा वास आणि कडेनं मुंग्या. मातीचा पार दगड झाला, पैलवानांची कोपरं सोलवटली. शेवटी वस्ताद आमच्या दारात आले.

"बायडाक्का, ताक बंद करून कसं चालंल?"

"त्या मिशीवाल्याला सांगा की," आत्ती धार काढता काढता म्हणाली. "त्यो घालतो म्हणतोय न्हवं?"

केरबा म्हशीकडं बघत म्हणाले, "बरं. आवाज लावाय सांगतो परत."

"फोटो?"

"फोटो बी. आणि खाली 'घालते' असं दुरुस्त करून..."

आत्तीनं चरवी खाली आदळली. "अक्षराला हात लावू नकोस, केरबा. मी घालतो. तसंच ऱ्हाईल."