बनशंकरीच्या त्या काकू

उपचार संपले की सुटलो असं वाटतं. तसं होत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत घरात तुम्ही आणि तुमची भीती. मी डॉक्टरांना विचारलं होतं, गोळ्यांबरोबर एखादा काढा घेतला तर चालेल का? कॉम्प्युटरवरची नजर न काढता ते म्हणाले, "नको." का नको, ते माझं मी समजून घ्यायचं. मग रोगी काय करतो? दुसऱ्या रोग्याला विचारतो.

रक्त तपासायला द्यायच्या रांगेत एका बाईंनी मला एका मुलीचा नंबर दिला. मुलगी नागपूरची, आयटीतली, दुखणं माझंच, स्तनाचा कॅन्सर. तिला म्हणे खात्रीचा काढा ठाऊक होता. मी बनशंकरीहून निघून थेट बेंगळुरूचं दुसरं टोक, इंदिरानगर गाठलं.

डोक्याला रुमाल बांधलेली, माझ्या लेकीच्या वयाची पोर. चहा केला आणि म्हणाली, "काकू, मी सगळा रिसर्च केलाय. एक केमो घेतली आणि बंद केली. आता ओन्ली काढा."

मी कप खाली ठेवला. "डॉक्टरांना सांगितलंस?"

"कशाला? ते घाबरवणारच. माझ्याकडे प्रूफ आहे ना. तुमच्या बनशंकरीतच एक काकू आहेत, बेळगावकडच्या. केमो घेतलीच नाही त्यांनी, फक्त काढा. एकदम फिट आहेत आता. खाली पिठाची गिरणी, वर त्यांचं घर. मिस्टर बँकेतून रिटायर झालेत."

बनशंकरीत गिरण्या पुष्कळ असतील. पण गिरणीच्या वर राहणारी, बेळगावची, बँकवाल्याची बायको मला एकच माहीत होती. ती मी. खात्रीच्या काढ्याच्या शोधात अर्धं बेंगळुरू तुडवलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. हसूसुद्धा येईना.

कुठून आलं हे सगळं, ते मला तिथल्या तिथे कळलं. माझे केस गेले तेव्हा माझ्या लेकीचं लग्न जमायचं होतं. दुखणं बाहेर कळू नये म्हणून सासूबाईंनी गल्लीत सांगितलं, सून तिरुपतीला केस देऊन आली. इकडे बाईचं मुंडण बघून कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, हात जोडतात. मळमळ थांबावी म्हणून त्या मला आल्याचा काढा करून द्यायच्या. वास कसला म्हणून शेजारीण डोकावली की म्हणायच्या, "अक्का, काढ्यानंच गुण येतोय हो हिला." लग्न झाल्यावर दुखणं सगळ्यांना कळलं. केस मात्र तिरुपतीचेच राहिले, म्हणजे केमो नाहीच, गुण काढ्याचा.

"अगं, ती बाई मी आहे," मी म्हटलं. "मी केमो घेतलीय. सगळीच्या सगळी."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला डॉक्टरांनी पाठवलं का?"

मी समोर जिवंत बसले होते, आणि तिचा भरवसा माझ्यावर नव्हता, माझ्या नावावर फिरणाऱ्या गोष्टीवर होता. मग संताप आला, तिचा, सासूबाईंचा, त्या रांगेतल्या बाईचा. मी पदर बाजूला केला आणि गळ्याच्या हाडाखालचा व्रण तिला दाखवला. केमोचं औषध सोडायला तिथे पोर्ट बसवतात. तिचा हात आपोआप स्वतःच्या कुर्त्यावर गेला, त्याच जागी.

मग तिनं अगदी हळू विचारलं, "दुसऱ्या केमोला पहिलीपेक्षा जास्त त्रास होतो का?"

एवढंच विचारायचं होतं पोरीला. ते कुणाला विचारावं, हे तिला कळलं नव्हतं.

"होतो," मी म्हटलं. "पण निभतं. मी येते तुझ्याबरोबर. कधी आहे दुसरी?"

"होती," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात."

"ऊठ," मी म्हटलं. "चप्पल घाल. आत्ताच दवाखान्यात जायचं."