मोरीची फरशी

गिरगावातली ती खोली आम्हाला एका दलालाने मिळवून दिली होती. मालक सुरतेकडे राहायचा. भाडं, डिपॉझिट, दुरुस्ती सगळं दलालच बघायचा. माझा सोबती साताऱ्याकडचा, मी मालवणचा. दोघेही कॉलेजात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस होते. संध्याकाळी मोर्चाला जायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि खोलीवर येऊन स्टोव्हवर पिठलं टाकायचं, असा आमचा क्रम होता.

शेवटची परीक्षा संपली तसे वडील मला न्यायला आले. गावच्या शाळेत ते मास्तर होते. त्यांचा आवाज ऐकला की वर्ग चिडीचूप व्हायचा. आम्ही सामान बांधून गॅलरीत आणून ठेवलं आणि दलालाची वाट बघत बसलो. वडिलांनीच भरलेलं डिपॉझिट परत घ्यायचं आणि बोटीसाठी भाऊच्या धक्क्यावर जायचं, एवढंच उरलं होतं.

दलाल आला, खोलीत एक फेरी मारली आणि बाहेर येऊन मोठ्या आवाजात बोलू लागला. स्टोव्हच्या काजळीने भिंत काळी झाली, चुना काढावा लागेल. मोरीची फरशी फुटली, नवी बसवावी लागेल. आणि गॅलरीतल्या भिंतीवर गेरूने घोषणा लिहिल्यात, त्या कोण पुसणार?

"त्या काय आम्ही लिहिल्या?" सोबती म्हणाला. "अख्ख्या गिरगावात लिहिल्यात."

"अख्ख्या गिरगावाचं डिपॉझिट माझ्याकडे नाही. तुमचं आहे."

गॅलरीत माणसं जमली. आम्ही राहायला आलो तेव्हाही फरशी फुटलेलीच होती. हे मला सांगायचं होतं. पण मोर्चात पोलिसांसमोर निघणारा आवाज तिथे निघेना. तेवढ्यात वडील पुढे झाले. मी तोंड उघडणार असं वाटून ते मला हळूच म्हणाले, "तू गप रव. मी बोलतंय."

त्यांनी टोपी काढली. दलाल त्यांच्या निम्म्या वयाचा असेल. त्याच्यापुढे हात जोडून ते म्हणाले, "साहेब, पोरं आहेत. चुकलं असेल. पदरात घ्या."

माझे कान तापले. कॉलेजातला एक मुलगा समोरच्याच बिऱ्हाडात राहायचा, तो दारात उभा राहून बघत होता. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. दलालाची मला लाज वाटली नाही. वडिलांची वाटली.

शेजारच्या काकू आमच्याशी कधी धड बोलल्या नव्हत्या. आमच्या स्टोव्हच्या आवाजावरून मात्र कितीदा ओरडल्या होत्या. त्या बादली खाली ठेवून म्हणाल्या, "काय हो, फरशी तुमच्या हमालानं फोडली ना? ही पोरं यायच्या आधी, कपाट काढताना? मी इथेच उभी होते."

कोणीतरी हसलं. दलाल चपापला. "तसं असेल तर फरशीचे सोडतो," असं पुटपुटत त्याने नोटा मोजल्या. चुन्याचे आणि गेरूचे मात्र कापलेच. सोबती पुन्हा भांडायला निघाला, पण वडिलांनी उरलेले पैसे घेऊन दलालाचे आभार मानले. खरोखरच आभार मानले.

बोटीवर मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. बोट बंदराबाहेर पडल्यावर ते म्हणाले, "पुढल्या वर्सा तुझो धाकटो भाव येतलो. तेका खोली खंय गावतली? मुंबयत आपल्या वळखीचो दुसरो कोण आसा?"

मला वळून बघवेना. इतका वेळ आपली मान खाली गेली म्हणून मी धुमसत होतो. त्यांची कुठवर गेली, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

घरी पोचल्यावर आईने डिपॉझिटचं विचारलं. "सगळे दिले. भलो मनुष्य," वडील म्हणाले आणि कापलेल्या पैशांची भर स्वतःच्या बटव्यातून घालून त्यांनी ते तिच्या हातावर ठेवले. खोटं बोलणाऱ्या मुलाला ते वर्गात छडी मारायचे. आईने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी नुसती होकारार्थी मान हलवली.

पुढच्या जूनमध्ये भाऊ मुंबईला गेला. त्याच दलालाने त्याला दादरला खोली बघून दिली.