सॅम्पल फ्लॅटवरचा कब्जा

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. खून-दरोडे आता आठवणीत एकमेकांत मिसळतात, पण हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या त्या रविवारचा उपमा जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

उदारीकरणाची ती सुरुवातीची वर्षं. इमारत पुरी होण्याआधीच बिल्डर एक फ्लॅट सजवायचे आणि रविवारी सगळ्यांना बघायला खुला ठेवायचे. लोक सहकुटुंब यायचे, गाद्या दाबून बघायचे, कपाटं उघडायचे आणि फुकटचं सरबत पिऊन 'कळवतो' म्हणून निघायचे.

त्या दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात अशाच एका इमारतीच्या चौकीदाराचा फोन आला. "साब, फ्लॅट पे कब्जा हो गया! पूरी फॅमिली बैठ के उपमा खा रही!"

हैदराबादेत कब्जा म्हटलं की पोलीस चहा अर्धा टाकून उठतो. एका हवालदाराला घेऊन मी पोहोचलो. दाराबाहेर चपलांची नीट रांग. कब्जा करणारी टोळी चपला काढत नाही, हे मनात नोंदवलं. आत सोफ्यावर पाहुणे आणि समोर हातात ट्रे घेतलेली एक मुलगी. बघण्याचा कार्यक्रम चालला होता! उपमा तिखटजाळ असावा. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण प्यायला कुणी मागत नव्हतं.

मुलाच्या आईने विचारलं, "हे कोण?"

मुलीच्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला. "मुलीचे मामा. पोलिसात असतात."

नोकरीत मला पुष्कळांनी मामा म्हटलं, इतक्या काकुळतीने कुणी नाही. मी या नव्या मेहुण्यांना बेडरूममध्ये नेलं आणि जबाब घेतला.

"साहेब, गौलीगुड्यात दोन खोल्या आहेत. एकीत आई अंथरुणाला खिळलेली. घर बघूनच दोन स्थळं परत गेली. आता ही मलकपेठची मंडळी. इथे बोर्डावर लिहिलंय, रविवारी सर्वांना खुलं."

"म्हणून संसार मांडायचा?"

"उपमा घरूनच आणलाय, साहेब. पाणी तेवढं राहिलं. आज हे मोडलं तर पोरीला तोंड कसं दाखवू?"

तेवढ्यात बिल्डरचा टायवाला मॅनेजर आत घुसला. "गृह-अतिक्रमणाचा गुन्हा नोंदवा!"

"जरूर. फक्त हे राहतं घर आहे, असं लिहून द्या. मग पंचनामा करतो. नळ कोरडा, फ्रीज म्हणजे रंगवलेलं खोकं, संडासाला पाइप नाही. सगळं कोर्टात वाचलं जाईल."

दारात दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. मॅनेजरने टाय सैल केला. "नक्को साब. खा लेने दो."

पाहुणे निघाले तेव्हा मुलाने मला जिन्यात गाठलं. "मामा, मागच्या रविवारी मी आईला घेऊन हाच फ्लॅट बघून गेलोय."

मी थांबलो. "मग बोलला नाहीत?"

"आई दारातच कानात म्हणाली, पाहुण्यांसारखे बसा. नळ कोरडा आहे, पाणी मागून त्यांना लाजवू नका."

झडतीचं वॉरंट घेऊन मी शेकडो घरांत शिरलो. सगळं उघडून बघण्याचाच मला पगार होता. दुसऱ्याच्या घरात काय बघू नये, हे मात्र अकादमीत कुणी शिकवलं नव्हतं. ते त्या बाईंनी तिखट गिळत शिकवलं.

लग्न ठरलं. मुलीला सख्खा मामा होता, तरी मुलाच्या आईने निरोप धाडला, मुलीला मांडवात आणायला पोलिसातले मामाच हवेत. गेलो. जेवणाआधी त्यांनी स्वतः येऊन माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुढच्या पंगतीकडे गेल्या.