आमेन राहिलं

माझी फजिती ऐकायचीय ना? मग चहा घ्या आणि हसू जरा दाबून ठेवा. त्या दुपारी माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं हो!

मी पाळक. बडोद्यात हरणीला अपंग माणसांचं एक घर सांभाळतो. वीसएक माणसं, बहुतेक व्हीलचेअरवर. माझा एक नियम फार कडक: जेवणाआधी प्रार्थना, आणि 'आमेन' होईपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत, तोंडही नाही! आदल्याच दिवशी शांतवनला यावरून झापलं होतं. चाळिशीचा बाप्या, पण रुसला. "जातो मी दांडिया बाजारला, ताईकडे!"

पाय अधू, त्यात फिट येते त्याला. आणि फाटकाबाहेर ट्रक नुसते सुसाट.

तर व्हरांड्यात सगळे माझ्यासमोर बसलेले, खिचडी-कढी वाढलेली. मी प्रार्थना सुरू केली. दोन मिनिटांनी पाहतो तर काय, शांतवनची जागा रिकामी! खुर्चीसकट माणूस गायब! बाजूचं फाटक सताड उघडं!

"प्रभू, माझ्या शांतवनला सांभाळ रे!" ओरडलो आणि जो धावलो, पायात चप्पल नाही.

"रमणभाई, शांतवन कुठंय?"

"हुं तो पाणी भरवा गयेलो, साहेब!" वॉचमन घाबरला. फाटक सोडून पाणी भरायला गेला होता म्हणे.

काढली स्कूटर. कुठे ब्रेक कचकन लागला की माझा जीव जायचा. नाल्यात वाकून पाहिलं, झुडपं पाहिली. घाईघाईत ताईचा नंबर तीनदा चुकला.

"ताई, शांतवन आलाय का तिकडे?"

"अगं बाई! म्हणजे माझ्या भावाला हरवलंत की काय?" ताई रिक्षा करून रडत मी होतो तिथे हजर.

मनात म्हटलं, देवा, एवढा परत दे, पुन्हा कुणावर ओरडणार नाही. आता पोलिसांनाच कळवायचं म्हणून आम्ही घरी आलो.

व्हरांड्यात पाहतो तर सगळे तस्सेच! हात जोडलेले, डोळे गच्च मिटलेले. स्वयंपाकीणबाई सुशीलाबाई हातात डाव घेऊन उभ्या. आणि मी उभा होतो त्याच्या बरोबर मागे, खांबाच्या आडोशाला... शांतवन! डोळे मिटून मुसमुसत होता.

त्याला मिठी मारून लहान पोरासारखा रडलो.

सुशीलाबाई डोळे मिटूनच बोलल्या, "ऊन लागत होतं त्याला. प्रार्थनेआधी मीच सरकवलं तुमच्या मागं."

"अहो, मग बोलायचं नाही?"

"आमेन कुठं झालं होतं? आम्हाला वाटलं, शांतवनसाठी देवाला आळवताय."

"आमेन!" मी कसाबसा म्हणालो. भराभर डोळे उघडले, चमचे वाजले.

शांतवनने डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत, सावकाश विचारलं, "पण पाळकसाहेब... तुमचे डोळे मिटलेले... मग मी जाग्यावर नाही ते... कसं दिसलं?"

"गप जेव!" मी ओरडलो.