पगारवाढीचे पेढे

आमच्या कंपनीत पगारवाढीचा करार तीन वर्षं लोंबकळत होता. झाला एकदाचा, आणि तोही मागच्या वर्षापासून लागू. म्हणजे वर्षभराचा फरक एकदम हातात. वाळूजहून हर्सूलला घरी येईस्तोवर मी मनातल्या मनात कूलर घेतला आणि आईला कवळीसुद्धा बसवली. माणूस येडाच असतो, पगारवाढीच्या दिवशी जरा जास्त.

आईनं ऐकलं आणि थेट अर्धा किलो पेढे आणले. पेढे वाटल्याबिगर आनंद झाला हे तिला पटतच नाय. गल्लीत वाटून दहाएक उरले.

दुसऱ्या दिवशी तिला तलाठ्याकडं जायचं होतं. धाकट्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण फी माफ व्हायची तर उत्पन्नाचा दाखला पाहिजे, आणि त्यावरचा आकडा सरकारनं ठरवलेल्या मर्यादेच्या आत पाहिजे. वर्षभराच्या पगाराच्या पावत्या मी काढून ठेवल्या होत्या. त्यात आम्ही आत होतो, पार काठावर. पण कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाय, ही आईची शिस्त. उरलेले पेढे पिशवीत टाकून गेली बया.

तलाठी भला माणूस. दोन पेढे खाल्ले आणि मग विचारलं, कशाचे? आईनं सगळं सांगितलं, अगदी फरकासकट. त्यानं तोंड पुसलं आणि अहवालात फरक धरला. दाखला आला तो मर्यादेच्या वरचा. किती वर? एका कूलरएवढा.

मी लई आदळआपट केली. गल्लीत वाटले ते वाटले, तलाठ्याला कशाला चारायचे? आई खाली मान घालून बसली होती.

"आनंद झाला होता रे मला," एवढंच म्हणाली.

बहिणीनं कॉलेजचा फॉर्म गादीखाली सारला आणि उस्मानपुऱ्यातल्या साडीच्या दुकानात पोरी पाहिजेत का, ते विचारून आली. ते बघून दुसऱ्या दिवशी मी कंपनीतल्या साहेबाला म्हणालो, माझी पगारवाढ परत घ्या. त्याला वाटलं, मी सकाळीच टाकून आलोय. करार सगळ्यांचा असतो, तुझ्या एकट्याचा कसा मोडू, म्हणाला.

मग काय, फरक सगळा फीत घातला, वर चार महिने ओव्हरटाइम केला. कूलर गेला, कवळीही गेली. सरकारदरबारी तेवढे आम्ही सुखवस्तू झालो.

यंदा बहीण पहिल्या वर्षाला कॉलेजात पहिली आली. आईनं पेढे आणलेच. पण आधी दार लावलं, आतून कडी घातली, मग आम्हा दोघांच्या हातावर एकेक ठेवला. स्वतःचा हिरड्यांनी चघळत बसली.

"डबा फळीमागं ठेव," ती मला हळूच म्हणाली. "कुणी विचारलं, कशाचे, तर काय सांगू मी?"