जुन्या गाडीला बसणारी चाकं

गिऱ्हाईक जातं, गाडी जाते, किस्सा मात्र दुकानातच पडून राहतो. लातूरला माझं जुन्या टायर-डिस्कचं दुकान. डिस्क म्हणजे टायरच्या आतलं लोखंडी चाक. जुन्या छोट्या गाड्यांना नवं चाक सहजी मिळत नाही, म्हणून लोक माझ्याकडं येतात आणि बसल्या बसल्या काहीबाही सांगून जातात.

शहराला रेल्वेनं पाणी यायचं त्या साली तर माझ्याकडं भंगारापेक्षा किस्सेच जास्त साठले. घरी जायची घाई होती कुणाला! नळ कोरडे, म्हणून बायका-पोरं पाहुण्यांकडं पाठवलेली. टँकर कधी येईल नेम नाही, म्हणून एक माणूस मागं ठेवलेलं. माझी मंडळी नांदेडला मेहुणीकडं, मी इथं. सोबतीला मेकॅनिक सलीमभाई. आणि रोज संध्याकाळी येऊन बसणारे शिवलिंगआप्पा, रिटायर्ड हेडक्लार्क.

*

औशाचा एक कापड दुकानदार आला. भावाच्या लग्नात गाडी उठून दिसली पाहिजे म्हणून त्याला रुंद, चकचकीत अलॉय व्हील पाहिजे होते.

"मालक, ही चाकं ह्या गाडीला मोठी हायत," मी म्हणालो. "सरळ चालतील, पण वळताना मडगार्डला घासतील."

"औशाचा रस्ता सरळच हाय की!"

नेली. लग्नाच्या दिवशी फोन आला.

"भाऊ, कार्यालय डाव्या हाताला हाय."

"मग?"

"मग काय! गाडी रस्त्यावर, अन् नवरदेव चालत गेला!"

*

कंधारच्या एकानं फोनवरच डिस्क मागितली. मी विचारलं, "नट किती?"

"चार."

"दोन नटांमधलं अंतर?"

"आता ते कशानं मोजू?"

"घरात जे असंल त्यानं मोजा, पण घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं आला आणि खिशातून हिरवी बांगडी काढली! "ही एक बांगडी, अन् वर माझं एक बोट," म्हणाला. सलीमभाई पोट धरून हसला. पण ठेवून बघितली तर माप बरोबर! डिस्क बसली.

जाताना त्यानं बांगडी रुमालात गुंडाळली. मी म्हणालो, "वहिनींना सांगू नका बरं, बांगडी ग्रीसमध्ये घातली म्हणून."

"ती मुदखेडला माहेरी हाय," तो म्हणाला. "आता सांगायला तरी काही झालं. रोज फोनवर नुसतं 'जेवलात का' अन् 'जेवलो'."

*

तेव्हा उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा होती. तिथल्या एका वकिलांनी गाडीची गंजलेली चाकं काढून टाकली आणि गाडी विटांवर ठेवली. नवी चाकं घेईनात.

"जिल्हा होऊ द्या. नवा जिल्हा, नवा नंबर, मग नवी चाकं!"

ते लातूरच्या कोर्टात आले की दुकानात डोकावायचे. महिने गेले. जिल्हा काही होईना, गाडी काही उतरेना. शेवटी सलीमभाई म्हणाला, "वकीलसाब, विटांवर हाय म्हणजे ती घर झाली. आता घरपट्टी लागंल!"

आम्ही सगळे हसलो. वकील हसले नाहीत.

"लागू द्या," म्हणाले. "पट्टी मागायला तरी कुणी दारात येईल."

*

टायर कुठून हवा सोडतंय हे बघायला पाण्याचा टब लागतो. आमचा टब कोरडा ठणठणीत! सलीमभाई मग टायरला कान लावून बारीक फुस्स ऐकायचा. "कुणी बोलू नका!" असं ओरडायचा, आणि दुकानातली माणसं श्वास रोखून उभी राहायची.

एकदा अशीच शांतता पडलेली. आप्पा हळूच म्हणाले, "माझं घर सध्या असंच हाय. पाल चालली तरी ऐकू येती."

सलीमभाईनं डोकं वर काढलं. "आप्पा, तुम्ही बोललात अन् हवा हुकली!"

*

आता आप्पांचंच सांगतो.

त्यांच्याकडं त्यांच्यासारखीच जुनी, छोटी गाडी. काकू पुण्याला लेकाकडं गेलेल्या. पाणी आलं की गाडी घेऊन काकूंना आणायला जायचं, हे आप्पांनी ठरवून टाकलं होतं. पण गाडी उभी राहून चाकं सडलेली. मग आम्ही चाकं शोधायला लागलो. एक डिस्क बघितली, तिचं मधलं भोक लहान निघालं. दुसरी बसली, पण इतकी आत गेली की ब्रेकला टेकली. तिसरी सगळी बरोबर, फक्त आप्पांना पसंत नाही! "काकूला सात-आठ तास बसायचंय हिच्यात," ते म्हणायचे. मी म्हणायचो, "आप्पा, काकू शिटावर बसणार हायत, डिस्कवर न्हाई!"

शेवटी नांदेडच्या एका भंगारवाल्याकडं अगदी त्याच मॉडेलची चार चाकं मिळाली. सलीमभाईनं बसवली. मी फुल्ल स्टेअरिंग मारून बघितलं, डावीकडं, उजवीकडं. कुठं घासलं नाही. तोवर पाऊस होऊन गेला होता, नळ पुन्हा सुरू झाले होते. आप्पांनी तिथंच उभं राहून पुण्याला फोन लावला.

"गाडी तयार हाय. कधी येऊ?"

पलीकडचं आम्हाला ऐकू आलं नाही. आप्पा बराच वेळ "हाव, हाव" करत राहिले. मग फोन ठेवून म्हणाले, "नातीची शाळा सुरू झाली. काकू आता तिथंच राहणार म्हणती."

दुसऱ्या दिवशी दुपारीच आप्पा गाडी घेऊन हजर.

"मन्मथ, गाडी डावीकडं ओढायलीय."

मी चालवली. रिंगरोडला स्टेअरिंगवरचा हात सोडून बघितला. गाडी दोरीत चालल्यासारखी सरळ! आप्पा शेजारी बसून बाहेर बघत होते. "काही न्हाई आप्पा," मी म्हणालो.

पुढच्या दिवशी पुन्हा आले. "डावीकडं ओढती." सलीमभाईनं नट तपासले, हवा तपासली. काही नाही. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा.

त्या दिवशी सकाळीच नांदेडहून बायकोचा फोन आला होता. पोरींची नावं तिकडच्याच शाळेत घातली, म्हणाली.

संध्याकाळी आप्पांच्या गाडीत बसलो. मुरूडच्या रस्त्यानं लांबवर गेलो. वाटेत चहा घेतला, परत आलो. गाडी सरळच चालत होती.

"काय वाटतं?" आप्पांनी विचारलं.

"हाव," मी म्हणालो, "ओढती जराशी. उद्या परत या!"