धुतलेले दगड

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायासारखं आहे. माफी असावी. चौथीच शिकले, आणि हे कोणाला दाखवायचंही नाही.

नागपूरच्या कॉलेजात दगडांचं शिक्षण घेणारा एक विद्यार्थी आमच्या ओसरीवरच्या खोलीत भाड्यानं राहिला होता. सकाळीच हातोडा घेऊन कचारगडकडच्या डोंगरात जायचा. काम झालं तरी हौसेनं आणखी एखादा डोंगर चढायचा. संध्याकाळी थैलीभर दगड आणायचा, एखाद्याला जीभ लावून बघायचा. मी त्याचा भात तीनतीनदा गरम करायची.

सासूबाई विचारायच्या, "सोनं शोधून राहिला का बे?"

"नाही आजी, दगडच."

"मंग आमच्या धानाच्या बांधीतले काऊन नाही नेत? नांगराले तरी लागणार नाही."

दिवाळीआधी तो दोन दिवस नागपूरला गेला. सासूबाईंनी सारवायला त्याची खोली उघडायला लावली. दगडांना लाल माती, आणि दिवाळीला आमच्या घरात मळकं काही राहू देत नाहीत. प्रत्येक दगडाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. लिहिलेला कागद भिजू नये म्हणून मी सगळ्या चिठ्ठ्या सोडून डब्यात ठेवल्या. दगड भाताच्या तणसानं घासले, वाळवले, लहानमोठे लावून ठेवले.

तो आला आणि एकेक दगड उचलून त्याचा दोरा शोधू लागला.

"वहिनी, कोणता दगड कुठला, हे आता कसं कळणार?"

मी दाराआडून म्हटलं, "चिठ्ठ्या डब्यात आहेत ना. एकबी हरवली नाही."

मग त्यानं समजावलं. दगड कुठे सापडला ते चिठ्ठीवर होतं. पुन्हा सगळे जमवले नाहीत तर वर्ष वाया जाणार, आणि बैलगाडीला, खाण्याला पैसे उरले नव्हते.

मला त्याचाच राग आला. एवढे मोलाचे होते तर सांगून जायचं! पण हात माझेच होते. मोहफुलं वेचून, पाणी भरायच्या पितळी गुंडासाठी साठवलेले वीस रुपये मी उंबऱ्यावर ठेवले. "घरात सांगू नका," एवढंच बोलले.

त्यानं दगड पुन्हा जमवले, पासही झाला. आणि शहाण्यानं पैसे पाठवले ते मनीऑर्डरनं! पोस्टमन अंगणातून माझ्या नावानं ओरडला. पाच रुपये.

"तुले कोण पैसे धाडते वो?" सासूबाईंनी विचारलं. सगळं सांगावं लागलं. त्या पोट धरून हसल्या. "दगडबी धुते का कोणी!"

खोली कोणी उघडायला लावली होती, हे माझ्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं.

पुढे पाच-पाच रुपये आणखी तीनदा आले, तेवढ्याच वेळा तो टोमणाही. चौथ्यांदा मी सही केली आणि वीसचे वीस रुपये फिटले.